थंडीच्या आकड्यावर शिक्का कोणाचा?

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये बंद कपाटातून वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्रात एक जुनेच भांडण नव्या जोमाने सुरू झाले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. तेव्हाच्या विरोधी पक्षाने रान उठवले. आमच्या शहरातही कडाडून विरोध झाला. दुसऱ्या बाजूने द्राक्ष बागायतदारांच्या हिताचे दाखले देण्यात आले, वाईन म्हणजे दारू की फळांचा रस यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्याच वर्षी जूनमध्ये सरकार गेले आणि तो निर्णय अमलात आलाच नाही. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. ज्या कपाटात ही बाटली ठेवायची, त्या कपाटात मे महिन्यात किती अंश तापमान असेल, आणि ते मोजणार कोण?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो क्षुल्लक नाही. वाईन हा नाजूक माल आहे. दीर्घकाळ ठेवायची तर बारा-चौदा अंशांच्या आसपास ठेवावी लागते, आणि तापमान वरखाली होता कामा नये. पंचविशीच्या वर काही आठवडे राहिली की तिला शिजल्यासारखी चव येते. अधिक तापली तर आतला द्रव फुगून बूच वर सरकते. नाशिकची वायनरी आमच्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत आहे. तिथे तळघरात लाखो रुपये खर्चून सांभाळलेली थंडी इथल्या एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात आठ दिवसांत वाया जाऊ शकते. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क उभारले, बँकांनी कर्जे दिली. २००८ नंतरच्या मंदीत त्यातले बरेच प्रकल्प अडचणीत आले, त्यांच्या फायली माझ्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी हाताळल्या आहेत. टाक्या, प्रेस, बाटल्या भरण्याची यंत्रे यांचे कोटेशन प्रत्येक फायलीत असायचे. गिऱ्हाइकाच्या पेल्यापर्यंत थंडी कशी टिकेल, यावर एखादे पान असलेली फाईल मला आठवत नाही. (द्राक्षांशी या भागाचे नाते तसे जुनेच. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादच्या द्राक्षांचा उल्लेख करून ठेवला आहे. त्या काळी थंडीची सोय काय होती हे मात्र तो सांगत नाही.)

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका हॉटेलमालकामुळे. छत्रपती संभाजीनगरात त्यांचे परवाना असलेले हॉटेल आहे, पूर्वी आमच्या शाखेचे खातेदार होते, आणि अजूनही मला ‘साहेब’ म्हणतात. वेरूळ-अजिंठ्याला येणारे परदेशी पाहुणे त्यांच्याकडे उतरतात, म्हणून त्यांनी पन्नास बाटल्यांचा वाईन कूलर घेतला. दाराच्या वर निळा आकडा: १२. रात्रंदिवस १२. आणि तरीही दोन पाहुण्यांनी बाटल्या परत केल्या. पहिला मेकॅनिक आला, त्याने कानाने पाहिले आणि ‘गॅस गेलाय’ असे सांगितले. फ्रीजच्या बाबतीत हे वाक्य आपल्याकडे सर्दीला ‘हवाबदल’ म्हणावे इतके सर्रास वापरले जाते. गॅस भरला, बिल झाले, फरक नाही. दुसऱ्याने बोर्ड बदलला, बिल आणखी मोठे झाले, फरक नाही. मग त्यांनी मला बोलावले. यंत्रातले मला काय कळते? पण खर्चाचे कागद पाहण्याची सवय जात नाही. विजेची बिले चाळताना मला एवढेच विचारावेसे वाटले, की बाहेर बेचाळीस अंश असताना हा कूलर इतका शांत कसा? मे महिन्यात त्याचा कॉम्प्रेसर धापा टाकत असायला हवा होता.

उत्तर दिले ते वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षे मेंटेनन्स सांभाळून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी. त्यांनी पिशवीतून तीन वस्तू काढल्या: स्वयंपाकघरात वापरतात तसला एक साधा थर्मामीटर, एक मल्टिमीटर आणि बर्फाचा डबा. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच उघडले नाही. पाण्याने भरलेला पेला मधल्या फळीवर ठेवला, त्यात थर्मामीटर बुडवला आणि दार लावून घरी गेले. पाणी का, तर दार उघडताच हवेचे तापमान पळते, पाण्याचे पळत नाही. आणि बाटलीत असते तेही पाण्यासारखेच. दुसऱ्या दिवशी सकाळी पेल्यात २१ अंश होते, दारावर १२. खोटे कोण बोलतो आहे हे ठरले. मग पुढची पायरी.

या कूलरमधला सेन्सर म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक मणी असतो, दोन तारांच्या टोकाला बसवलेला. त्याला थर्मिस्टर म्हणतात. त्याचा गुण असा, की थंडी वाढली की त्याचा विद्युत रोध वाढतो आणि उष्णता वाढली की कमी होतो. बहुतेक कूलरमध्ये पंचवीस अंशांना दहा हजार ओहम रोध असलेला मणी वापरतात. बर्फाच्या पाण्यात, म्हणजे शून्य अंशाला, तोच रोध जातीप्रमाणे सत्तावीस ते तेहतीस हजारांपर्यंत जातो. बोर्डाला थंडी कळत नाही, कळतो तो फक्त हा रोध. त्यावरून तो आकडा काढतो, दारावर दाखवतो आणि त्याच आकड्यावर कॉम्प्रेसर चालू-बंद करतो. दाखवणारा आणि निर्णय घेणारा एकच, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बर्फाचे बारीक तुकडे, त्यात बुडेल एवढेच पाणी, मीठ अजिबात नाही, पंधरा मिनिटे ढवळत ठेवायचे. इतक्या स्वस्तात इतके खात्रीचे माप दुसरे नाही. उकळत्या पाण्यावर आमच्या शहरात विसंबता येत नाही, कारण आम्ही समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास आहोत आणि पाणी शंभरच्या दोन अंश आधीच उकळते. बर्फाला उंचीचा असा फरक पडत नाही. त्या गृहस्थांनी मणी या पाण्यात सोडला आणि रोध दोन ठिकाणी मोजला: एकदा मण्याजवळ, एकदा बोर्डाच्या टोकाला. मण्याजवळ बरोबर आला. बोर्डाजवळ पाच-सहा हजार ओहम जास्त. म्हणजे सेन्सर बिचारा प्रामाणिक होता. वाटेतला एक प्लास्टिकचा जोड दमट हवेने गंजला होता, तांब्यावर हिरवट थर चढला होता. तो हलवला की दारावरचा आकडा नाचायचा. गंजाने वाढवलेला रोध बोर्डाला थंडीसारखा वाटायचा. आत एकवीस असताना त्याला बारा वाटायचे, आणि बारा आहे म्हटल्यावर कॉम्प्रेसर कशाला सुरू करायचा? जोड कापला, तारा डाख देऊन जोडल्या, वर रबरी नळी चढवली. दोनशे रुपयांच्या आत काम झाले. गॅस आणि बोर्डाचे बिल किती होते हे मालकांनी सांगू नये अशी मला विनंती केली आहे.

याच्या उलट बिघाडही होतो, आणि तो अधिक वाईट असतो. मण्यावरच्या आवरणाला तडा गेला आणि आत ओल शिरली, तर विजेला पळवाट मिळते, रोध घटतो आणि बोर्डाला वाटते की आत गरम आहे. मग कॉम्प्रेसर थांबतच नाही. दारावर चार दिसतात आणि आत पाणी गोठू लागते. म्हणजे जोड गंजला तर माल तापणार आणि मणी ओलावला तर माल गोठणार, दारावरचा आकडा मात्र दोन्ही वेळा ठरवून दिलेलाच. तार पूर्ण तुटली तर बरे, तेव्हा बहुतेक यंत्रे चुकीची खूण दाखवून कळवतात. अर्धवट बिघाडाला मात्र खूण नसते.

आता तिसरा प्रकार, जो आमच्याकडे सर्वांत जास्त दिसतो, आणि ज्यात बिघाड कसलाच नसतो. बाजारात आठ-दहा बाटल्यांचे छोटे, आवाज न करणारे कूलर मिळतात. त्यात कॉम्प्रेसर नसतो, पेल्टियर नावाची एक चकती असते. तिच्यातून वीज गेली की एक बाजू थंड होते, दुसरी गरम. युक्ती छान आहे, पण तिची झेप बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश खाली एवढीच. युरोपातल्या बावीस अंशांच्या दिवाणखान्यात ती बारा सहज गाठते. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी बंद खोलीत अडतीस असतात, तिथे तो कूलर विशीच्या खाली उतरणार कसा? त्याचा डिस्प्ले खरे तेच सांगतो: २२. आणि आपण म्हणतो, सेन्सर खराब आहे. एका परिचितांनी अशा कूलरचा सेन्सर दोनदा बदलून घेतला. कॉम्प्रेसरच्या फ्रीजलाही ही मर्यादा असतेच. त्याच्या पाटीवर हवामानाचा वर्ग इंग्रजी अक्षरांत छापलेला असतो: ‘एन’ असेल तर तो १६ ते ३२ अंशांच्या हवेसाठी, ‘एसटी’ असेल तर ३८ पर्यंत, ‘टी’ असेल तर ४३ पर्यंत. मराठवाड्यात घ्यायचा तो ‘टी’. खरेदी करताना रंग, दार आणि किंमत पाहिली जाते. ही पाटी मागच्या बाजूला असते आणि मागची बाजू भिंतीला लावलेली असते. तीही इतकी चिकटवून, की कंडेन्सरची उष्णता बाहेर पडायला चार बोटे जागा नाही आणि जाळीवर दोन वर्षांची धूळ. दाराचे रबर सैल आहे का हे पाहायला तर कागदाची चिठ्ठी पुरते: दारात धरून दार लावायचे, ओढल्यावर चिठ्ठी अलगद निघाली तर थंडीही तिथूनच निघते आहे. या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय सेन्सरवर आळ घेऊ नये.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे सगळे फार ओळखीचे वाटते. कॅश क्रेडिटचा कर्जदार दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट पाठवतो, त्यावरून त्याची उचल ठरते. स्टेटमेंट त्याचे, माल त्याचा, गोदाम त्याचे. म्हणूनच नियम असा, की अधिकाऱ्याने अधूनमधून न कळवता गोदामात जावे आणि पोती मोजावीत. पुढची रांग मोजून परतू नये, शिडी लावून मागची पाहावी. मी ती पाहिली आहे, आणि मागे पोकळी निघालेली गोदामेही पाहिली आहेत. देशाच्या पातळीवर हेच २०१५ मध्ये घडले. रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या दर्जाची तपासणी लावली तेव्हा बँकांची ढोबळ थकीत कर्जे चार-साडेचार टक्क्यांच्या आसपास दिसत होती. २०१८ च्या मार्चपर्यंत तो आकडा अकरा टक्क्यांच्या वर गेला. तीन वर्षांत सगळी कर्जे बुडाली असे नव्हे. त्यातली बरीच आधीच बुडालेली होती, डिस्प्लेवर १२ दिसत होते इतकेच. आणि तेव्हाही काही मंडळींनी तपासणी करणाऱ्यालाच दोष दिला, हेही नोंदवून ठेवतो.

वाईन खराब झाली तर दोन पाहुणे नाराज होतात. पण त्याच जातीचा मणी, त्याच दोन तारांवर, औषधाच्या दुकानातल्या फ्रीजमध्येही बसलेला असतो, आणि तिथे फळीवर इन्सुलिन असते. त्याच्या खोक्यावर छापलेले असते: २ ते ८ अंश. उष्णतेने त्याची ताकद हळूहळू घटते. एकदा गोठले तर ते टाकूनच द्यावे लागते. वितळल्यावर काही वेळा ते पूर्वीसारखेच दिसते आणि काम मात्र करत नाही. घेणाऱ्याला कळते ते साखर वाढल्यावर, आणि तेव्हा दोष पथ्याला दिला जातो.

सरकारी लसीकरणाच्या बाबतीत आपण हा धडा शिकलो आहोत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पोलिओच्या बाटलीवर १९९६ पासून एक छोटा चौकोन आला, जो उष्णता सोसता सोसता गडद होत जातो. यंत्र काहीही सांगो, बाटली स्वतः साक्ष देते. गोठल्याने बिघडणाऱ्या लसींसाठी बाटली हलवून साका कसा बसतो ते पाहण्याची रीत आरोग्य सेविकांना शिकवली जाते. २०१५ पासून ‘ईव्हिन’ ही व्यवस्था आली: शीतपेटीत वेगळा सेन्सर, त्यात सिमकार्ड, आणि तापमान दोन ते आठच्या बाहेर गेले की संबंधितांच्या मोबाइलवर निरोप. २०२१ च्या करोना लसीकरणाला याच यंत्रणेचा आधार मिळाला. यातली मेख अशी, की थंडी करणारा सेन्सर वेगळा आणि थंडीची नोंद ठेवणारा वेगळा. बँकेच्या भाषेत, नोंद करणारा एक आणि तपासणारा दुसरा. पण ही शिस्त प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आहे. गल्लीतल्या औषधाच्या दुकानात बहुधा साधा घरगुती फ्रीज असतो.

आणि कायदा? किराणा दुकानदाराच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वर्षातून एकदा तपासणी होऊन त्यावर शिक्का बसतो. वैधमापन खात्याचा निरीक्षक येतो, दंड करतो. पेट्रोल पंपाच्या मापालाही शिक्का. ताप पाहण्याच्या थर्मामीटरचेही मानक वैधमापनाच्या नियमांत घालून दिलेले आहे. पाव किलो साखरेत पाच ग्रॅम कमी भरले तर गिऱ्हाईक तक्रार करू शकते. पण ज्या आकड्याच्या भरवशावर दुकानदार हजार रुपयांचे इन्सुलिन विकतो, त्या फ्रीजच्या डिस्प्लेवर असा शिक्का मी आजवर कुठे पाहिला नाही. औषध निरीक्षक फ्रीज आहे का ते पाहतात. तो खरे सांगतो का, हे पाहायला बर्फाचा पेला लागतो.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये, निदान आमच्या शहरात तरी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या वाहनांच्या सुट्या भागांच्या आणि औषधांच्या कारखान्यांत प्रत्येक मोजमापाच्या साधनावर चिकटपट्टी असते: तपासणी कधी झाली, पुढची कधी. निर्यातीचा गिऱ्हाईक ती आधी पाहतो. त्या तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, शिकलेली मुले आहेत. कारखान्याच्या फाटकाबाहेर आल्यावर ती चिकटपट्टी नाहीशी होते, एवढेच. वाईनचे कपाट असो वा औषधाचे, परवान्याच्या अटींत दोन ओळी घालता येतील: आत वेगळा थर्मामीटर ठेवावा, आणि वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये, तो बर्फाच्या पाण्यात तपासून तारीख टाकावी. याला अनुदान नको, समिती नको. पुन्हा कधी सुपरमार्केटमधल्या वाईनचा विषय निघालाच, तर नीतीच्या चर्चेतून थोडा वेळ काढून कोणीतरी या ओळी सुचवाव्यात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीतल्या औषध विक्रेत्याला मी हे सांगितले. भला तरुण आहे, मला काका म्हणतो. त्याने अभिमानाने वही दाखवली: रोज सकाळ-संध्याकाळ तापमान, महिनाभर सलग ४, ४, ४. वादळाने आमच्याकडची वीज सात तास गेली होती त्या दिवशीसुद्धा ४. तो लबाडी करत नव्हता. डिस्प्लेवर दिसेल ते तो लिहीत होता, आणि वीज आल्यावरच लिहीत होता. ‘काका, ठेवू या तुमचा पेला,’ म्हणाला. रात्रभर ठेवला. सकाळी पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता, थर्मामीटर शून्यावर आणि डिस्प्ले चारवर. मागच्या भिंतीला टेकलेली इन्सुलिनची अकरा खोकी त्याने बाजूला काढली. ती गोठली होती की थोडक्यात वाचली, हे कळायला मार्ग नव्हता. पुरवठादाराने बदलून द्यायला नकार दिला, कारण वहीत सगळीकडे ४ होते. त्याने ती विकली नाहीत, पदरचे पैसे गेले. फ्रीजचा मणी बदलला तो तीनशे रुपयांत.